नदीकाठी घातलेलं गाऱ्हाणं

या गावात करण्यासारखं काय काय आहे, ते आता मला विचारा. मोबाइलमध्ये शोधायची गरज नाही. भरतीच्या वेळी धक्क्यावर जाऊन बसा, होड्यांतून मासळी उतरते ती बघा. जुन्या बाजारात खाजं चांगलं मिळतं, पण कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊ नका, तो शिळं खपवतो. संध्याकाळी पुलावर उभे राहा, सूर्य नदीत बुडताना दिसतो. फोटो काढायला गर्दी असते, धक्का लागेल, सांभाळा. गावाचं नाव मात्र मी सांगणार नाही. सांगितलं की शनिवारी आणखी चार गाड्या येतील आणि आमच्या दारापुढे उभ्या राहतील.

आमच्या म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घराच्या दारापुढे. मी इथे राहते. माझी दोन पोरं मला फिरायला म्हणून घेऊन आली आणि ठेवून गेली. उगाच आडपडदा कशाला? जे झालं ते झालं.

मी लालबागची. लग्न होऊन चाळीत आले ती चाळ पाडेपर्यंत तिथेच. आमचे हे गिरणीत होते, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत मास्तरीण. गिरणी बंद पडल्यावर माझ्या पगारावर घर चाललं, हे कोणी बोलून दाखवत नाही, म्हणून मीच दाखवते. हे गेले, मग खोली माझ्या नावावर झाली. पुढे चाळीच्या जागी टॉवर होणार असं ठरलं आणि आम्हाला परळला एका संक्रमण शिबिरात पाठवलं. थोरल्याच्या भाषेत ट्रान्झिट. तिथे दोन खोल्यांत थोरला, त्याची बायको, त्यांची दोन मुलं, धाकटा आणि मी. धाकट्याचं लग्न जागेपायी रखडलेलं. मी झोपायची संडासाच्या दाराला लागून असलेल्या बोळात. रात्री कोणी उठलं की आधी मला ओलांडायचं.

पण मला त्याचं काही नव्हतं. मला टॉवरचं वेड लागलं होतं. रोज संध्याकाळी परळहून चालत लालबागला यायचं, समोरच्या फुटपाथवर उभं राहायचं आणि मजले मोजायचे. वॉचमन ओळखायला लागला होता. म्हणायचा, "आजी, आज भी वहीं का वहीं है." आमचं घर बाविसाव्या मजल्यावर येणार होतं. तिथून समुद्र दिसेल असं कोणीतरी म्हणालं होतं. मी मनात माझा पलंग कुठे लावायचा तेसुद्धा ठरवलं होतं. खिडकीशी. गणपतीत खालून ढोल वाजतील आणि मी वरून बघेन. एवढंच पाहिजे होतं मला. त्या घरात जायचं आणि तिथेच डोळे मिटायचे.

चावी मिळायची वेळ जवळ आली, तशी घरातली कुजबुज वाढली. मी आले की थोरला आणि सून गप्प. सून म्हणाली, "आई, आम्ही नुसतं फर्निचरचं बोलतोय." मी मास्तरीण आहे हो. वर्गात मागच्या बाकावर काय चाललंय ते मला फळ्याकडे तोंड करून कळायचं. पण इथे नाही कळलं. स्वतःच्या पोरांकडे बघताना डोळ्यांवर झापड येते की काय कोण जाणे.

दिवाळी झाली आणि थोरला एक दिवस म्हणाला, "आई, चल, तुला फिरवून आणतो. ग्रामदेवतेचं दर्शन पण होईल. घरात जाण्याआधी देवाला सांगायला नको?"

आता आमचं मूळ गाव या नदीच्या पलीकडे. तिथे आमचं काही उरलेलं नाही, ना घर ना कुंपण. पण ग्रामदेवतेचं देऊळ या गावात, नदीच्या काठावर. कोकणातला माणूस लालबागला चार पिढ्या राहिला तरी काही ठरवायचं झालं की देवाला विचारतो. आमचा थोरला तर जास्तच. साधी मोटरसायकल घेतली तेव्हाही हा पठ्ठ्या आधी इथे येऊन गाऱ्हाणं घालून गेला होता. मला बरं वाटलं. म्हटलं, आईला नेतोय, देवाला नेतोय, पोरगं अगदीच वाया गेलेलं नाही.

भाड्याची गाडी काढली. धाकटा चालवायला, थोरला त्याच्या शेजारी, मी आणि सून मागे. नातवंडांची परीक्षा म्हणून ती मागे राहिली. सामान भरताना मी बघितलं, माझी गोधडी पण डिकीत. म्हटलं, "अगं, दोन दिवसांसाठी गोधडी कशाला?" सून म्हणाली, "तिकडे थंडी असते ना, आई." केवढी काळजी! मी तिच्या गालावरून हात फिरवला. आठवलं की आता स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

रस्ता मेला कधी पुरा होणार देव जाणे. पेणच्या पुढे हाडं खिळखिळी झाली. पण मजा आली, खोटं का बोलू? थोरल्याने मोबाइलवर काहीतरी उघडलं होतं, या गावात करण्यासारख्या गोष्टी म्हणून. तो एकेक वाचून दाखवायचा आणि मी मार्क द्यायचे. "होडीतून फेरी." "दहापैकी आठ." "पुलावरून सूर्यास्त." "सूर्य काय लालबागला मावळत नाही? चार." "खाडीच्या माशांची थाळी." "दहा!" गाडीत सगळे हसले. धाकटा नाही हसला. तो समोर बघून गाडी चालवत होता. म्हटलं, झोप झाली नसेल.

पहिल्या दिवशी आम्ही सगळं केलं. होडीत चढताना धाकट्याने माझा हात धरला आणि फेरी संपेपर्यंत सोडला नाही. पाणी हिरवंगार, दोन्ही काठांना माड, मधूनच एखादा खंड्या सुळकन खाली यायचा. खानावळीत तिसऱ्यांचं सुकं आणि सोलकढी. थोरल्याने स्वतः मला काटे काढून मासा वाढला. बाजारातून खाज्याचा पुडा घेतला. पुलावर माझे फोटो काढले, मी एकटी, मी आणि सून, मी आणि दोघं पोरं. इतके लाड माझे कोणी ह्यांच्या वेळीसुद्धा केले नव्हते. आपल्याकडे जत्रेच्या बकऱ्याला आधी हिरवा पाला घालतात, हार घालतात. तो बिचारा पाला खातो. मीही खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे देवासमोर नुसते हात जोडून चालत नाही. गुरव नारळ ठेवतो, आणि तुम्ही कशासाठी आलात ते देवाला मोठ्याने सांगतो. आमच्या मालवणीतून, गावच्या माणसाशी बोलावं तसं. दर मागणीनंतर तो थांबतो आणि जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, व्हय म्हाराजा. म्हणजे आम्ही सगळे या मागणीत आहोत. ते झालं नाही तर गाऱ्हाणं अडलं. अडलेलं गाऱ्हाणं ज्याने घातलं त्याच्यावर उलटतं म्हणतात. माझ्या सासूने एकदा एकाचं अडलेलं बघितलं होतं, त्याच्या घरातल्या पोराबाळांचं पुढे काय काय झालं ते ती मरेपर्यंत सांगायची. मी शाळेत विज्ञान शिकवायची, अंधश्रद्धेवर निबंध लिहून घ्यायची. पण देवळाच्या पायरीवर चप्पल काढली की मी सासूचीच सून.

थोरला आधीच पुढे गेला आणि गुरवाच्या कानाशी लागून काहीतरी बोलला. बराच वेळ बोलला. गुरवाने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, नव्या घराचं सांगतोय, मजला किती, दार कुठल्या दिशेला. थोरल्याची चूक काय झाली, ती मला नंतर कळली. त्याला वाटलं होतं की गुरव मोघम बोलेल. लेकरांच्या मनातलं पुरं कर, असं काहीतरी. मला फसवायला तो तयार होता, पण देवाला फसवायची त्याची छाती झाली नाही. खरं बोलल्याशिवाय काम यशस्वी होणार नाही, अशी त्याची खात्री. म्हणून त्याने गुरवाला सगळं खरं सांगितलं. आणि गुरव देवाचा माणूस. तो कशाला मोघम बोलतोय?

नारळ ठेवला, धूप फिरवला आणि गुरवाने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मुंबयसून तुझ्या पायांकडे इली हत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही चौघं. माझा आवाज सगळ्यात मोठा.

"ह्यांका नवीन घर मिळता हा, तां सुखासमाधानान लाभांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यांची आवस आता म्हातारी झाली. नव्या घरात तिका जागो नाय, सांभाळूक माणूस नाय. म्हणान तिका हय, न्हंयच्या काठार, म्हाताऱ्या माणसांच्या घरात ठेवचो बेत ह्येनी केल्यानी हा. तर तिचा मन हय रमांदे, तिका दुखणा येवक देव नको, आणि पोरांक ह्येचो दोष लागाक देव नको रे म्हाराजा!"

कोणी काही बोललं नाही.

मी आधी मागे वळून बघितलं, दुसरं कुठलं कुटुंब उभं आहे का म्हणून. खरंच बघितलं. मागे कोणी नव्हतं. देवळाच्या दारातून नदी दिसत होती. मग पोरांकडे बघितलं. थोरल्याची मान खाली. सुनेने पदर तोंडावर घेतलेला. धाकट्याचे ओठ हलत होते पण आवाज फुटत नव्हता. त्या क्षणाला मला काय वाटलं ते लिहायला शब्द नाहीत असं म्हणायची पद्धत आहे. मला आहेत. पोरांचे कान धरून भिंतीवर डोकी आपटावीशी वाटली.

गुरव थांबला होता. त्याने तेच पुन्हा सांगितलं, शेवटचं. "पोरांक दोष लागाक देव नको रे म्हाराजा!" आणि थांबला. धूप सरळ वर जात होता. गुरवाच्या चेहऱ्यावर भीती दिसायला लागली. गाऱ्हाणं अडत होतं.

माझ्या डोळ्यांसमोर सासू आली. ती अडलेल्या माणसाची गोष्ट आली. त्या घरातली पोरं आली. आणि मग माझी. ही दोन गाढवं, आणि घरी परीक्षेचा अभ्यास करत बसलेली ती दोन.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

एकटीच. माझा आवाज मलाच कोणा दुसरीचा वाटला. गुरवाने सुटकेचा श्वास सोडला आणि नारळ फोडला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर मी तोंड सोडलं. भांडले नाही असं समजू नका. "मेल्यांनो! माका सांगूक काय झाला होता? तोंडात मूळव्याध झाली होती? आवळा देऊन कोहळा काढायला निघालात? होडीत बसवता, मासे भरवता!" घाटावर कपडे धुणाऱ्या बाया बघायला लागल्या. बघू देत.

थोरला म्हणाला, "सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

"नसते आले!"

"मग?"

सून रडत म्हणाली, "आई, नव्या घरात दोनच खोल्या आहेत. धाकट्या भावोजींचं लग्न व्हायचंय. आमची मुलगी मोठी झाली. कुठे झोपवू तुम्हाला, परत बोळात?" खोटं नव्हतं तिचं. तेच तर वाईट. खोटं असतं तर मी तिला उभी फाडली असती.

"खिडकीशी," मी म्हणाले. "मी पलंग खिडकीशी लावायचं ठरवलं होतं."

धाकटा पायरीवर बसला आणि हुंदके द्यायला लागला. लहानपणी शाळेत सोडताना रडायचा तसा. "आई, आपण परत जाऊ. चल, गाडीत बस." मला तेवढं वाक्य पाहिजे होतं. मी पदर खोचून उठलेच होते.

तेवढ्यात थोरला म्हणाला, आणि तो दुष्टपणे नाही म्हणाला, घाबरून म्हणाला. "पण आई, तू व्हय म्हणालीस. देवासमोर."

मी परत बसले.

काय करणार? बोललेला शब्द माघारी घ्यायची सोय असती तर गोष्ट वेगळी. मी ज्या भीतीने व्हय म्हणाले, त्याच भीतीने आता उठता येईना. त्याला हे माहीत होतं, कारण ती भीती त्याला मीच दिली होती, दुधासोबत. दुपारी आम्ही त्यांच्या यादीतली शेवटची जागा बघितली. पुढे अंगण, मागे नदी, प्रत्येकीला लोखंडी खाट. डॉक्टर मंगळवारी येतो. डिकीतून गोधडी काढली, औषधांची पिशवी काढली. खाट माझी मी खिडकीशी ओढून घेतली.

गाडी गेली तेव्हा मी दारात गेले नाही. पुलावर गाडी चढते ती खिडकीतून दिसते. दिसली.

आता इथे मी आहे. वाईट नाही हो, तसं म्हणाल तर. जेवण बेचव, पण वेळेवर. शेजारच्या खाटेवरची बाई रात्रभर कोणाला तरी हाका मारते. माझ्या खाटेवर माझ्या आधी जी होती, ती श्रावणात गेली, तिची एक पिन खिडकीच्या फटीत सापडली. पावसात नदी मागच्या पायरीपर्यंत चढते म्हणतात. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात. पोरंटोरं घाटावर फोटो काढतात, मग आमच्या अंगणाकडे बघून एकमेकांना विचारतात, हे काय रिसॉर्ट आहे काय? एकदा एक बाई आत येऊन मला विचारून गेली, इथे बघण्यासारखं काय आहे. मी तिला सगळं सांगितलं. गाडीत मागच्या सीटवर तिची सासू बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, ती माझ्याकडे बघून हसली. मी नाही हसले.

चाळीतल्या जुन्या शेजारणीचा फोन आला होता. म्हणाली, "बरं झालं बाई, तुझा मुलगा सांगत होता, आईलाच गावची ओढ होती. देवाला विचारून, स्वतःच्या तोंडाने हो म्हणून राहिली. नशीब काढलंस." थोरल्याने एक शब्दसुद्धा खोटा सांगितला नव्हता, फक्त ओढ सोडून.

मग टॉवरची चावी मिळाली. मला वास्तुशांतीला न्यायचं ठरत होतं, मग रस्त्याचं निघालं, मग माझ्या गुडघ्यांचं निघालं, आणि शेवटी ठरलं की आईला व्हिडिओवर दाखवू. इथल्या सिस्टरने मोबाइल माझ्या हातात दिला. सुनेने सगळं घर फिरवून दाखवलं. ओटा, बेसिन, पांढऱ्या फरश्या. हॉलची खिडकी दाखवली. खिडकीशी सोफा होता. समुद्र दिसत नव्हता, समोर दुसरा टॉवर उभा होता.

नात पुढे आली. "आजी, बघ ना, माझी खोली!" तिने परकर-पोलकं घातलं होतं. मोठी दिसायला लागली होती. धाकटा मागे भिंतीला टेकून उभा होता, तो फोनसमोर आला नाही.

मग थोरला देवासमोर उभा राहिला. आता घरातला कर्ता तोच. नारळ हातात घेऊन त्याने गाऱ्हाणं सुरू केलं. आवाज अगदी त्या गुरवासारखा लावला होता. या घरात सुखशांती नांदू दे, पोराबाळांना उदंड आयुष्य दे. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. पाहुणे बरेच होते, आवाज घुमला. मग तो फोनकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, खरं पाणी.

"आणि आमची आई जिथे हा थय सुखात हा, समाधानात हा, तिचो आशीर्वाद ह्या घरावर आसांदे रे म्हाराजा! आई, आता तू म्हण. पहिली तू म्हण."

सगळे थांबले. सुनेने फोन आणखी जवळ धरला. मला त्याचा चेहरा दिसत होता, त्याच्या हातातला नारळ दिसत होता, मागे नातीचा परकर दिसत होता. मला सासू आठवली. अडलेल्याची गोष्ट आठवली. सगळं आठवलं. एक शब्द होता, तो मी आधी एकदा त्यांच्यासाठी खर्च केला होता.

"आई? आई, आवाज येतोय ना?" थोरला विचारत होता. "नेटवर्क नाही वाटतं. आई, आवाज येतोय?"

आवाज स्वच्छ येत होता.